दोन ते नऊ

बेटेगावच्या आत्मारामने जन्मात कशाची खात्री दिली नव्हती. वाडीत यंदा चिकू कसा येईल विचारा, "येल बहुतेक." लग्नासाठी मुलगी बघायला गेला आणि पसंत आहे का विचारलं, तेव्हाही हा "बहुतेक" म्हणाला. बायकोने ते मरेपर्यंत ऐकवलं.

बोईसरच्या रसायन कारखान्यात उभी हयात काढून तो सुपरवायझर झाला. तिथे तीन रिअॅक्टर होते आणि दुरुस्तीसाठी एकच बंद ठेवता येणार होता. कोणता, हे ठरवायला साहेबांनी पाच जाणकार बसवले, त्यांत आत्मारामही. हिशेब हर्षित नावाच्या तरुण इंजिनिअरकडे. पद्धत मोठी हुशार: प्रत्येकाने धोक्याला दहापैकी गुण द्यायचे, नक्की माहीत नसेल तर इतक्यापासून इतक्यापर्यंत. ज्याचं अंतर मोठं, त्याच्या मताला वजन कमी.

दोन नंबरला आत्मारामने दिले दोन ते नऊ.

"काका, दोन की नऊ?" हर्षित हसला.

"त्याचा वॉल्व कदी अडकतो, कदी नाय. अडकला तर नऊ, नाय तर दोन. मी काय सांगू?"

खरं तेच होतं. पण बाकी चौघांनी ठासून तीन ते चार दिले होते. त्यांतल्या दोघांनी तो वॉल्व वर्षभरात पाहिलाही नव्हता, पण गणिताला ठासून बोलणारे आवडतात. हर्षितच्या संगणकाच्या पडद्यावर आत्मारामच्या नावापुढे लाल ठिपका आला: मत इतरांपासून दूर, फेरविचार करावा.

जेवणाची वेळ टळत होती. चौघे त्याच्याकडे बघू लागले. त्याचा मुलगा कुंदन त्याच दोन नंबरवर कामाला होता. ते त्याच्या मनात आलं, पण पोरासाठी बाप घाबरला म्हणून हसतील, या लाजेने तो बोलला नाही.

"लिवा तीन ते चार."

ठिपका हिरवा झाला आणि सगळे जेवायला गेले. गुण जास्त पडले म्हणून बंद झाला एक नंबर. दोन नंबर चालू राहिला.

पुढच्याच आठवड्यात वॉल्व अडकला आणि उकळतं रसायन कुंदनच्या तोंडावर उडालं. चौकशीत साहेब म्हणाले, निर्णय एकमताने झाला होता. त्या मेल्यांचं तेही खोटं नव्हतं.

डॉक्टरांनी आत्मारामला बाजूला घेऊन सांगितलं, दोन्ही डोळे गेले. ते 'बहुतेक' तरी म्हणतील म्हणून तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. ते म्हणाले नाहीत.

आत कुंदन खाटेवर चाचपडत होता. "बाबा, मला दिसल ना परत?"

"दिसल."

"बहुतेक ना?"

"नाय रे," आत्माराम म्हणाला. "नक्की."