हातानं घातलेलं नाव

आम्रपाली आपल्या गावी, परसवाड्याला, परत जाऊन काय करत असेल, हा घोर नूतनच्या जिवाला लागला होता. त्या मुलीला आपल्या हाताखाली काम महेंद्रनंच मिळवून दिलं होतं, आणि ते गेलं तेही महेंद्रच्याच चुकीनं.

नूतनचा मुलगा महेंद्र बालाघाटच्या घरात बसून नागपूरच्या एका कंपनीच्या वेबसाइट बनवायचा. पडद्यावरच्या बटणांचे रंग, आकार स्टाइलशीट नावाच्या फाइलीत ठेवलेले, प्रत्येकाला एक नाव. त्यावरून त्या नावांची यादी, म्हणजे टाइप फाइल, त्याचा प्रोग्राम दर वेळी आपोआप नव्यानं तयार करायचा. तिच्यात नसलेलं नाव वापरलं की त्याखाली चुकीची लाल रेघ उमटायची.

"त्या फाइलीले हात लावाचा नाही," तो आम्रपालीला बजावायचा.

"हौ सर, गरम तवा हाय ना तो," ती हसायची.

नात्यातल्या लग्नाला लांजी गावी जायच्या दिवशी त्यानंच त्या फाइलीला हात लावला. नूतन साडी नेसून दारात उभी. "हळद होऊन जाईन, चाल ना रे. तुह्या लाल रेघा उद्या पाह्यजो." नव्या बटणाचा रंग-आकार ठरवून ते स्टाइलशीटमध्ये घालायला हवं होतं. त्यानं नुसतं नाव टाइप फाइलीत लिहून टाकलं. रेघ गेली, मायलेक बसमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी आम्रपालीनं स्टाइलशीटमधला एक रंग बदलला. फाइल नव्यानं तयार झाली, महेंद्रनं लिहिलेलं नाव पुसलं गेलं आणि गिऱ्हाइकाचं काम अडलं. शेवटचा हात तिचा, म्हणून कंपनीच्या साहेबानं तिलाच कामावरून काढलं.

"आई, मी साहेबाले खरं सांगतो," महेंद्र म्हणाला होता.

"काहून? तुले बी काढतीन." नूतननंच त्याला गप्प केलं. तेव्हापासून तो जेवणही अर्धवट टाकू लागला.

आज आम्रपालीच्या आईनं, शेवंताबाईनं, बसवाल्याच्या हाती नव्या चिन्नोर तांदळाची पिशवी पाठवली. सोबत निरोप, "ताई, पोरगी चुकली. सरांले म्हणा, राग नोका धरू."

भाताचा वास घरभर दरवळला. महेंद्रनं ताटाला हात लावला नाही. नूतनला स्वतःचीच लाज वाटली. आपण बी.ए. झालेल्या, आणि त्या बाईची माफी ऐकून मुकाट बसलो.

"साहेबाले आत्ताच सांग," ती म्हणाली.

महेंद्रनं मान वर केली. "अन् तिच्या मायले?"

"ते माह्यावर सोड."

तिनं ताट सरकवलं, हात धुतले आणि शेवंताबाईचा नंबर काढला.