रविवारचा चोविहार

उगमबाईंचं माहेर बेल्ह्याचं आणि सासर जुन्नरचं, म्हणजे आयुष्याचा सगळा प्रवास एका एस.टी.च्या तिकिटात मावणारा. बेल्ह्याला वडिलांचं पेंड-भुशाचं दुकान होतं, जुन्नरला नवऱ्याचं किराणा-भुसाराचं. एका दुकानामागच्या घरातून उठून त्या दुसऱ्या दुकानामागच्या घरात आल्या, एवढंच. आजेसासरे मारवाडातून कधी आले आणि का आले, हे घरात कुणाला धड सांगता यायचं नाही. पण सूर्य बुडायच्या आत जेवायचं, पाणी गाळून उकळून प्यायचं आणि पावसाळ्याचे चार महिने उगाच हिंडायचं नाही, हे मात्र कुणी विसरलं नव्हतं. जुन्नरच्या भोवती जिकडे बघावं तिकडे डोंगर. उगमबाईंनी ते गच्चीवर पापड वाळत घालताना पाहिले तेवढेच. डोंगर नुसते बघायचे नसतात, चढायचे असतात, हे त्यांना त्यांच्या पोरानं सांगितलं.

कल्पेश हा लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला एकुलता एक. तो कॉलेजात गेला आणि तिथे त्याला पिंपरी पेंढारचा बुद्धभूषण भेटला. भागुजी नावाच्या शेतकऱ्याचा हा मुलगा, अंगानं काटक आणि तोंडानं फटकळ. दोघांचं असं काही गूळपीठ जमलं की रविवार उजाडला की पाठीला पिशव्या अडकवून ही जोडी आणखी दोन-चार पोरांबरोबर हडसर, चावंड, जीवधन, कुठल्या तरी किल्ल्यावर गडप व्हायची. कल्पेशच्या वडिलांना, पन्नालालशेठना, ते बघवेना.

"वाण्याचं पोर डोंगरावर जाऊन विकणार काय? वांदरांना गूळ?" ते गल्ल्यावरूनच विचारायचे.

गिऱ्हाइकं हसायची. शेठचा खरा राग मात्र वेगळा होता. पोरगा परतायचा तो दिवेलागण उलटून गेल्यावर, आणि त्या टोळक्यात त्यानं काय खाल्लं, कधी खाल्लं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. एका शनिवारी त्यांनी बजावलं, उद्यापासून हे सगळं बंद. कल्पेश न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. इकडे बाप हटून बसलेला, तिकडे लेक, आणि मधल्या मध्ये उगमबाई. शेवटी त्यांनीच तोड काढली.

"अहो, त्यो चोविहार पाळील. निघतानाच मी त्याला पच्चक्खाण देत जाईन. मग तर झालं?"

चोविहार म्हणजे सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. पच्चक्खाण म्हणजे त्याची घेतलेली शपथ. ती एरवी सूर्यास्ताच्या आधी घ्यायची, पण त्या वेळी पोरगा असणार कुठल्या तरी कड्यावर, म्हणून उगमबाई ती सकाळीच उंबऱ्यात देऊ लागल्या. तोंडानं प्राकृतातलं सूत्र म्हणायच्या, हात त्याच्या डोक्यावर. सूत्र त्यांना आईकडून आलं होतं, अगदी घडाघडा. अर्थ आईनं सांगितला नव्हता, आणि आईला तिच्या आईनंही नाही. कल्पेश हात जोडून उभा राहायचा, शेवटचं "वोसिरामि", म्हणजे सोडलं, एवढं म्हणायचा आणि पळायचा. शेठ कुरकुरत का होईना, गप्प बसले.

एकदा कार्तिकात, चातुर्मास संपल्यावर, कल्पेशनं आईलाच ओढून नेलं. घाटघरपर्यंत एस.टी. आणि तिथून नाणेघाटापर्यंत पायी. वाटेत उगमबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला, तर ती पिशवीत टाकून त्या अनवाणी चालल्या. घाटाच्या तोंडाशी आल्या आणि पायांखालची जमीन संपली. खाली सगळं कोकण पसरलेलं. वाऱ्यानं डोक्यावरचा पदर उडाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी तो बराच वेळ सावरला नाही.

"इतकं मोठं व्हतं व्हय रे हे सगळं?" त्या म्हणाल्या.

बरोबर आलेला बुद्धभूषणही कल्पेशसारखं त्यांना बाईच म्हणायचा. तो म्हणाला, "बाई, आता तुमाला जीवधनला न्यायचं. खांद्यावर बसवून नेऊ, पण नेऊ."

"माझं वजन बघितलंस का मेल्या?" उगमबाई म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्या दिवसापासून रविवारची वाट पोरापेक्षा आईच जास्त बघू लागली. शनिवारीच मेथीचे पराठे, पाणी उकळून निववून बाटल्यांत. रविवारी रात्री त्यानं कुठला दरवाजा, कुठली टाकी, कुठून काय दिसलं ते सांगायचं आणि यांनी भांडी घासताना ते ऐकायचं. चाळिशी उलटलेल्या त्या बाईला तेवढं एकच सुख नव्यानं मिळालं होतं.

पावसाळ्यात पुण्या-मुंबईची माणसं गाड्या भरभरून यायची. भिजलेल्या पिशव्या घेऊन दुकानात बिस्किटांचे पुडे मागायची. कल्पेश ते काढून द्यायचा आणि नुसता बघत राहायचा. पावसात हिरव्यावर पाऊल पडतं आणि प्रत्येक पावलाखाली जीव असतात, तेव्हा ते चार महिने त्याला बंदी. त्याच्या वाट्याला उरायचे हिवाळा आणि उन्हाळा. हौशी माणसं ज्या उन्हात डोंगराकडे फिरकत नाहीत, ते दिवसही त्याचे झाले.

नव्याण्णव सालच्या एप्रिलमधल्या एका रविवारी तो जीवधनला गेला आणि जीपमधून परत आला तो आडवा.

काय घडलं ते दुसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर, बुद्धभूषणनं सांगितलं. तो ओसरीच्या खाली उभा होता. उगमबाईंनी वर ये म्हटलं तरी आला नाही.

"बाई, उतरताना आमी वाट चुकलो. कारवीच्या रानात घुसलो, ती दुपार सगळी तिथंच गेली. आमच्याजवळचं पाणी संपलं. गडावर टाक्यातलं आमी बाकीचे प्यालो व्हतो, त्यो न्हाई प्याला. गाळलेलं, उकळलेलं नव्हतं ना ते. घाटघरला आलो तवा सूर्य नुकताच बुडला व्हता. एका मावशीनं हंडा आणून ठेवला. आमी घटाघटा प्यालो. त्यानं मावळतीकडं बघितलं अन् हसला. म्हनला, थोडक्यात गाडी चुकली राव."

त्यानं ओसरीचा खांब धरला.

"मी लई मागं लागलो. म्हनला, बाईला शब्द दिलाय, सकाळी पिईन. डोक्यावर पाणी वतून घेतलं तेवढंच. मग बसल्या जागी बरळाया लागला. तवा त्याचं तोंड उघडून वतलं, तर आत जाईना. आधीच वतायला पायजे व्हतं बाई. त्यो शुद्धीत व्हता तवाच."

उगमबाईंनी त्याला काही बोल लावला नाही. काय लावणार? शब्द त्यांनीच घेतला होता.

भेटायला येणारी माणसं मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा बोलून गेली. जीव गेला पण नेम नाही मोडला पोरानं. असा जीव वरच्या गतीलाच जातो. उगमबाई, तुमची कूस धन्य झाली. पहिल्या दिवशी हे शब्द त्यांना नकोसे झाले, दुसऱ्या दिवशी त्यांनी ते ऐकून घेतले, आणि नंतर त्याच ते ऐकायला कान टवकारू लागल्या. बुडत्याला काडीचा आधार. पोरगं गेलं ते तरून गेलं, एवढं मनाशी घट्ट धरलं की सकाळी उठता यायचं, कणीक मळता यायची, दुपार ढकलता यायची. हे सुटलं तर हातात दुसरं काहीच नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पन्नालालशेठ मात्र यातलं अक्षर बोलत नसत. कुणी पोराच्या नेमाचं कौतुक काढलं की ते उठून आत जायचे आणि मापलेलं धान्य पुन्हा मापत बसायचे. उगमबाईंनी त्याचा अर्थ लावला तो असा, की हे माझ्यावर रागावलेत. पोराला घालवलं मीच, तोड काढली ती मीच. राग रास्तच होता, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही. घरात मीठ-तेलापुरतं बोलणं उरलं. गच्चीवर पापड घालणं त्यांनी बंद केलं, कारण तिथून डोंगर दिसत. बुद्धभूषणला पुण्याला नोकरी लागली. जाताना तो येऊन पाया पडला, आणि मग त्याचंही येणं थांबलं.

अशी काही वर्षं गेली. दोन हजार तीनच्या चातुर्मासाला जुन्नरच्या जैन स्थानकात, साधु-साध्वी मुक्कामाला उतरतात त्या जागी, साध्वी आल्या. दुपारी त्या मुलांना सूत्रं शिकवायच्या. उगमबाई मागे भिंतीला टेकून बसायच्या, घरी बसण्यापेक्षा ते बरं. त्यांच्यातल्या मोठ्या साध्वींना, महासतीजींना, पोरांनी काहीही विचारलेलं चालायचं. एके दिवशी रिंकू नावाच्या शेजारच्या चिमुरडीनं विचारलं, "चोविहार घेतला आन् मग लई आजारी पडलो तर?"

"तर औषध घ्यायचं, पाणी प्यायचं," महासतीजी सहज म्हणाल्या. "पच्चक्खाणातच तशी सूट ठेवलेली असते बेटा. आपण 'सव्वसमाहिवत्तियागारेणं' म्हणतो ना, ते त्याच्यासाठीच. जीव कासावीस झाला, मन ठिकाणावर राहीना, तर घेतलेलं चालतं. नेम मोडत नाही."

मुलं पुढच्या सूत्राकडे वळली. उगमबाई उठून पुढे आल्या आणि हात जोडून त्यांनी विचारलं, "महासतीजी, ही सूट समद्यांच्याच पच्चक्खाणात असती का?"

"सगळ्यांच्याच. तो शब्द म्हटला की आली."

शब्द तर त्यांनी म्हटला होता. दर रविवारी म्हटला होता, उंबऱ्यात उभं राहून, पोराच्या केसांवर हात ठेवून. पाणी पी असं त्या स्वतःच्या तोंडानं त्याला सांगत आल्या होत्या, आणि ते ना त्यांना कळलं होतं, ना त्याला. घरी येताना त्यांना रडू आलं नाही. राग आला. आईचा आला, आईच्या आईचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या जिभेचा आला. नेमासाठी गेला म्हणायचं, तर नेम कुठं जात होता? मग पोरगं गेलं कशासाठी? बाजारपेठेतून चालताना दोघीतिघी त्यांच्याशी बोलल्या, त्यांना काय उत्तर दिलं ते उगमबाईंना कळलं नाही.

पन्नालालशेठ संध्याकाळच्या जेवणासाठी आत येऊन पाटावर बसले होते. उगमबाईंनी ताट वाढलं नाही. दारातच उभं राहून त्यांनी महासतीजी काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं, त्या शब्दासकट. शेठ दचकतील, नाहीतर ओरडतील, असं त्यांना वाटलं होतं. शेठ बसल्या पाटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

उगमबाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"तुमाला माहीत व्हतं?"

"व्हतं."

"कवापासून?"

"उठावण्याच्या दिवशी मांगलिकाचा पाठ ऐकायला स्थानकात गेलो व्हतो. तवा तिथं उतरलेल्या महाराजसाहेबांना इचारलं, पोराच्या नेमाचं पुण्य कसं काय असतं. त्यांनी सूट सांगितली. मग म्हनले, हे घरात सांगायचं का न्हाई ते तुमचं तुमी बघा."

म्हणजे जाळून आल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसापासून. लोक पोराची तारीफ करायचे, त्या कान देऊन ऐकायच्या आणि हा माणूस उठून आत धान्य मापायला जायचा. इतकी वर्षं त्यांनी ज्याला राग समजला होता तो राग नव्हता.

"मग मला का न्हाई सांगितलं?"

पन्नालालशेठनी पहिल्यांदाच मान वर केली.

"तुला तेवढंच तर उरलं व्हतं," ते म्हणाले.

बाहेर अजून उजेड होता, जेवायला वेळ होता. दोघांपैकी कुणीही उठलं नाही.