गाऱ्हाण्यातली मोकळी जागा

कोकणात मसुऱ्याजवळच्या शाळेवर मी रुजू झालो, त्या वर्षीच्या रवळनाथाच्या जत्रेत तात्या गावकरांचं गाऱ्हाणं पहिल्यांदा ऐकलं. देवांची आणि पूर्वजांची नावं घेत ते एका लयीत गावासाठी मागणं मागत आणि शेवटी सगळा गाव 'होय म्हाराजा' म्हणे. दुसऱ्या वर्षी ध्यानात आलं, की पूर्वजांच्या नावांत ते एका ठरावीक जागी थांबतात, दम घेतात आणि पुढे जातात. मला वाटलं, वय झालं; तसं त्यांना बोलूनही दाखवलं.

"वयाचा न्हय, मास्तर," ते नारळ सोलता सोलता म्हणाले. "थंय साबाजीचा नाव होता. तो गोऱ्या सायबाच्या विरोधात लढलो, हरलो. सायबान तेका दरोडेखोर ठरवल्यान, नाव घेवक बंदी केल्यान. माझ्या आज्यान नाव सोडल्यान, पण जागा सोडूक नाय."

मी ओशाळलो. त्याच आठवड्यात जुन्या पुस्तकातला 'दरोडेखोरांचा बंदोबस्त' हा त्याच बंडाचा धडा मी मुलांकडून घोकून घेतला होता; तेही सांगून टाकलं. तात्यांनी मला सोडलं नाही. "पुस्तक जिकलेल्यांनी छापला. हरलेलो छापखानो खंय बघूक गेलो?"

स्वातंत्र्य येऊन दहा वर्षं होत आली, मग आता कसली अडचण, असं मी विचारलं.

"सायब गेलो. साबाजीक धरून देणाऱ्या खोताचो नातू हंयच आसा, जत्रेत पयल्या रांगेत. पण मराच्या आधी एकदा ता नाव घेवचा आसा."

धीर व्हायला आणखी पाच वर्षं गेली. एका जत्रेत तात्यांनी साबाजीचं नाव घेतलं, अगदी खणखणीत. पण दम घ्यायची जागा तीच होती आणि ती नावातच खर्ची पडली. पुढे शब्द फुटेना. गावाला वाटलं, गाऱ्हाणं संपलं, आणि सवयीनं सगळे एका सुरात म्हणाले, "होय म्हाराजा." त्यात खोतांचा आवाज सर्वांत मोठा होता.

नंतर खोत चांगलेच फणफणले. तात्या शांतपणे म्हणाले, "तुमी देवासमोर होय म्हटलास, खोतांनू. आता ता होय परत कसा मागतास?" यावर खोतांनाही हसू आवरेना. तेव्हापासून नाव कायमचं गाऱ्हाण्यात आलं.

दोन वर्षांनी तात्या समाधानानं गेले. इतका जीव मी फार थोड्या माणसांना लावला. पुस्तक अजून तेच आहे. धड्यात 'दरोडेखोर' आलं, की मी थांबतो, दम घेतो आणि साबाजीचं नाव सांगतो. मुलं कुणी न शिकवता म्हणतात, "होय म्हाराजा."