बर्फाचे बूट, एक बोट मोठे

आमच्या घरात बूट-चप्पल कधी पायाच्या मापाचं आलं नाही. वडील सुतळीनं पाय मोजायचे, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, आणि पुढं एक बोट सोडून सुतळी तोडायचे. ती खिशात घालून बाजाराला जायचे. आम्ही पोरं दुकानात कधी गेलोच नाही. ते एक बोट कशाला, तर पाय वाढतो म्हणून. माझ्या बाबतीत आणखी एक कारण होतं. माझ्या पाठीवर भाऊ होता आणि माझे बूट माझ्यामागून त्याला घालायचे होते. म्हणून मला कायम मुलांचे काळे बूट यायचे, पुढं कापूस कोंबलेले. मुलींचे पट्ट्याचे बूट मी वर्गातल्या पोरींच्या पायांतच बघितले. रडले की आई म्हणायची, "वाया तर जात न्हाईत की. तुज्यामागं त्याला हुतील."

हे सगळं मी विसरले होते असं म्हणायला मला आवडलं असतं.

आता मी सोलापुरात एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून आई माझ्याजवळ असते. भाऊ जपानमध्ये, पार उत्तरेला, जिथं हिवाळ्यात दाराशी फावड्यानं बर्फ ओढावा लागतो. गेल्या उन्हाळ्यात, आमच्या गल्लीतलं डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा, त्यानं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. एक बाई फळीवर दोन्ही पाय बांधून डोंगरावरून खाली येत होती आणि तिच्यामागं पिठासारखा बर्फ उडत होता. "ताई, हे तुझं काम आहे," तो म्हणाला. "खो-खोत तू खांबाला अशीच वळायचीस. जानेवारीत ये, मी शिकवतो." मी हसण्यावारी नेलं असतं. पण तो पुढं म्हणाला, "बोर्ड तूच निवड, बूटही तूच निवड. तुझ्या मापाचे घेऊ."

तुझ्या मापाचे! चाळिशी उलटलेली बाई एवढ्यावर हुरळली.

मी काही अर्धवट करत नाही, हा माझा गुणही आहे आणि खोडही. दुपारी शाळेतून आले की पंखा लावून बसायचे आणि स्नोबोर्डचं बघायचे. भाऊ दुकानांची पानं पाठवायचा. पहिल्यांदा सगळ्या फळ्या सारख्याच वाटल्या, चित्रं तेवढी निरनिराळी. मग हळूहळू कळायला लागलं. दाबून कडक केलेल्या उतारावरची फळी वेगळी आणि भुसभुशीत, ताज्या पडलेल्या बर्फातली वेगळी. भुसभुशीत बर्फात फळीचं नाक वर राहिलं पाहिजे. नाक खाली गेलं की माणूस तोंडावर. म्हणून त्या बोर्डाचं पुढचं टोक रुंद आणि वर वळलेलं, शेपूट निमुळती, आणि पाय बांधायची जागा मधोमध नाही, थोडी मागं. आईला मी हे भाकरी थापता थापता सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी काळ्या रानातल्या चिखलात गाडी रुतती, तसं. फुडं वजन नगं." जपानच्या दुकानानं चार परिच्छेदांत जे लिहिलं होतं ते एवढंच होतं.

बोर्डाची लांबी उंचीवरून कमी आणि वजनावरून जास्त ठरते. भावानं वजन विचारलं. मी खरं सांगितलं, आणि खरं वजन सांगणारी बाई किती निर्धास्त असेल याचा विचार करा. मी एक आखूड पण अंगानं रुंद बोर्ड निवडला. शेपटीला माशासारखी खाच. रंग मोहरीचा, वर एकही चित्र नाही. भावजयीला तो आवडला नाही. "किती प्लेन आहे, ताई," ती म्हणाली. मी म्हटलं, "मला त्यावर उभं राहायचंय, भिंतीवर टांगायचं नाही." ती हसली. तेव्हा आम्ही सगळेच हसत होतो.

बुटांचं मात्र मी फार जपून केलं, कारण तिथंच सगळं आहे. बोर्ड वळतो तो टाचेच्या नाहीतर चवड्याच्या कडेवर भार टाकून. बुटात टाच उचलली गेली, तर माणूस वळतो आणि बोर्ड सरळ जातो. बर्फासाठी बूट फार ताठ नको, फार लेचापेचाही नको, आणि बोटं टोकाला अलगद टेकली पाहिजेत. जाड दोन मोजे घालणं ही अडाण्यांची चूक, मोजा एकच, पातळ. मी टाच भिंतीला लावून कागदावर उभी राहिले आणि आईनं पेन्सिलीनं पायाची कड काढली. तिथं बुटांचं माप सेंटिमीटरमध्येच असतं, म्हणजे वडिलांच्या सुतळीत आणि जपानच्या दुकानात काही फरक नव्हता. तो आकडा मी भावाला कळवला.

आणि मी शाळेत गेल्यावर आईनं त्याला फोन केला. "आरं, एक बोट वाढवून घे. थंडीचं जाड मोजं घालावं लागत्यात."

त्यानं वाढवून घेतले. हे मला दिवाळीत कळलं, तो बोर्ड तिकडंच ठेवून नुसते बूट घेऊन घरी आला तेव्हा. नवे बूट आधी घरात घालून पायाला बसवून घ्यावे लागतात. आतला मऊ थर पायाच्या उबेनं त्या पायाचा आकार घेतो, आणि सोलापुरात उबेला काय तोटा. मी पाय घातला, चवड्यावर उभी राहिले. टाच उचलली गेली. मी पुन्हा आवळले, पुन्हा उचलली. "कुणी सांगितलं होतं तुला मोठे घ्यायला?" मी भावावर ओरडले. त्यानं आईकडं बघितलं. आई लाडू वळत होती. "आगं लई आवळ बूट घालून पाय गारठला म्हंजी?" ती म्हणाली. "सैल हाय ते बरं हाय की." मला इतका राग आला की मी लाडूला हात लावला नाही. परत पाठवायची मुदत गेलेली होती.

मग मी माझ्या पद्धतीनं मार्ग काढला. घरात टॉवेल चिक्कार, टॉवेलांच्या सोलापुरात ते कुणाच्या घरात नसतात? एका जुन्या टॉवेलच्या पट्ट्या कापल्या, दुहेरी घडी घातली आणि आतल्या थराला टाचेच्या दोन्ही अंगांना शिवून टाकल्या. दाभणानं बोटं भोसकून निघाली. पण टाच बसली. अशी बसली की गच्चीवर चवड्यावर उभं राहून मी कितीही वाकले तरी हलली नाही. भाऊ इथं होता तितके दिवस संध्याकाळी मी बूट घालून गच्चीत चालायचे, घरातली एक साधी फळी पाइपच्या तुकड्यावर ठेवून तोल धरायचे. घामानं मोजा पिळून काढावा लागायचा. शेजारच्या काकू विचारायच्या, "बाई, पाय मोडला का?" आई खालून म्हणायची, "न्हाय ओ, सर्कशीत निघालीया." मला त्या दोघींचंही काही वाटायचं नाही. आतला थर माझ्या पायाचा होत चालला होता. अंगठ्याजवळच्या हाडाला, खो-खोत आपटून वर आलेलं ते, आत नेमका खळगा पडला होता.

निघताना भाऊ म्हणाला, "बूट मी नेतो. तुझ्या बॅगेत जागा कशाला अडवतेस? तू फक्त ये."

मी जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीला जोडून रजा टाकली. आईला मोडनिंबला मामाकडं ठेवायचं ठरलं. मामा गाडी घेऊन येतो म्हणाला. फक्त भावाकडून व्हिसाचे कागद यायचे होते. "ऑफिसात गडबड आहे ताई, या आठवड्यात नक्की." पुढच्याही आठवड्यात नक्की. मी आठवण करून द्यायचे, तो माफी मागायचा. मला संशय यायला हवा होता. मला आला नाही, कारण माझं लक्ष व्हिडिओतल्या बाईच्या गुडघ्यांकडं होतं.

डिसेंबरात त्याचा फोन आला. आई माझ्या शेजारी शेंगा सोलत बसली होती, फोन स्पीकरवर होता. "ताई, मी खूप विचार केला," तो म्हणाला. "या वयात आईला दुसऱ्याच्या घरी ठेवणं मला पटत नाही. तिला काही झालं तर? पुढच्या वर्षी बघू." मी आईकडं बघितलं. तिनं एवढंच म्हणायचं होतं की मी राहते भावाकडं, माझं माहेरच आहे ते. मामा सख्खा, घर ओळखीचं, भिंतीला भिंत लागून तिची चुलत बहीण. आई शेंगा सोलत राहिली. फोन बंद झाल्यावर म्हणाली, "त्याला लई काळजी हाय आपली."

मी रजेचा अर्ज मागं घेतला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "बरं झालं, स्नेहसंमेलन तुमच्याशिवाय अवघड होतं." मी स्नेहसंमेलनात पोरांचे मनोरे उभे केले.

जानेवारीत मी आईला गड्ड्याला घेऊन गेले. तिचे पाय दुखले म्हणून आम्ही एका दुकानाच्या पायरीवर टेकलो, आणि घरच्या ग्रुपवर फोटो आला. उतारावर मांडीएवढा बर्फ, त्यात उभी असलेली भावजयीची धाकटी बहीण, दोन्ही हात वर, तोंडभर हसू. पायाखाली मोहरीच्या रंगाचा बोर्ड. शेपटीला खाच. बूट माझे.

मी तिथूनच फोन लावला. पाळण्यांच्या आवाजात तो ओरडून बोलत होता, मीही. "अगं, तिला सुट्टी मिळाली, अचानक आली. बोर्ड नुसता पडून होता. आणि काय नशीब बघ, बूटही तिला बरोबर बसले! तिचा पाय तुझ्यापेक्षा थोडा मोठा आहे ना. आत टाचेपाशी कसलं तरी कापड शिवलेलं होतं, ते तेवढं उसवलं."

"ते टॉवेलचं होतं," मी म्हटलं.

आईनं फोन मागून घेतला. फोटो लांब धरून, डोळे बारीक करून बघितला. पोरगी छान दिसते म्हणाली. मग तिला बूट ओळखू आले, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तो जन्मात विसरणार नाही. "बघ," ती मला म्हणाली, "एक बोट वाढवून घ्यायला लावलं, ते बरंच झालं की. न्हायतर वाया गेलं असतं."

तिच्यावर तिथं रस्त्यात ओरडून काय उपयोग होता? मी तिला हात देऊन उठवलं आणि रिक्षा केली. घरी येईपर्यंत ती पायांबद्दल बोलत होती.

पुढच्या रविवारी मी नवी पेठेत स्वतःला शाळेत घालायचे बूट घ्यायला गेले. दुकानदारानं सवयीप्रमाणं अंगठ्यानं टोक दाबून बघितलं आणि एक नंबर वरचा जोड काढला. "हेच न्या मॅडम, उन्हात पाय फुगतोय." मी म्हटलं, खालचा द्या. त्यानं दिला. मी म्हटलं, त्याच्याही खालचा द्या. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि दिला. बोटं टोकाला टेकली होती, टाच चिकटली होती, आत कागदही सरकला नसता. मी ते पायांत घालूनच घरी आले.

आईनं ते घालून बघितले, तिला झाले नाहीत. मे महिन्यात भाऊ, भावजय आणि तिची बहीण यायचेत, त्यांनाही होणार नाहीत. माझ्या टाचेचं कातडं सोललं आहे. मी रोज सकाळी त्यावर चिकटपट्टी लावते आणि तेच बूट घालून शाळेत जाते.