पाळकबाबांना न आलेले उत्तर

आमच्या इथल्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकबाबांना काहीही विचारले की ते आधी वर, देवाकडे, पाहत आणि म्हणत, "इचारलं हाय जी. सांगन तो." गोंदियाकडच्या गोरेगावच्या तहसील कचेरीसमोर मी बरीच वर्षे अर्ज लिहीत आलो आहे, माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही. हे गृहस्थ रोज सकाळी माझ्या टेबलाशी चहाला येत आणि रोज माझा संताप होत असे.

त्यांच्या प्रार्थनाघराच्या छपराचे कवेलू फुटले, तेव्हा पुन्हा कवेलूच घालावेत की टिनाचे पत्रे, याचा संकेत त्यांना मिळेना. बायबलातल्या गिदोनाने म्हणे लोकर अंगणात ठेवून देवाकडे दवाची खूण मागितली होती. म्हणून बाबांनीही आपला दुपट्टा अंगणात पसरला. सकाळी तो बकरीने अर्धा खाल्लेला आढळला. हा होकार समजावा की नकार, हे त्यांना ठरवता आले नाही. मंडळींनी तो पावसाळा छत्र्या उघडून भजने म्हणत काढला.

घाई करणाऱ्याचे काय होते, यासाठी त्यांच्याजवळ शौल राजा तयार असे. शमुवेल संदेष्टा येईपर्यंत थांबायचे सोडून शौलाने स्वतःच होम उरकला आणि त्याचे राज्य गेले. मी नववीपर्यंतच शिकलो असलो तरी वाद अर्धवट सोडत नाही. त्यांच्याचकडून जुना करार नेऊन वाचला आणि मिसरच्या गुलामीतून लोकांना बाहेर नेणारा मोशे त्यांच्यासमोर ठेवला. पुढे समुद्र, मागे फौज, आणि देवच त्याला म्हणतो की माझा धावा काय करतोस, लोकांना पुढे चालायला सांग.

बाबांनी शांतपणे बशीतला चहा संपवला. "त्याले सांगतलं तरी, भाऊ. मले कोठं सांगतलं?"

इथवर सारे गमतीत खपत होते. परंतु त्यांची मुलगी रूथ, दवाखान्यात परिचारिका, हिचे अर्जुनी मोरगावच्या एका शिक्षकाशी जुळले. मुलगा त्यांच्याच मंडळीतला आणि सालस. बाबांचा तिळमात्र विरोध नव्हता; केवळ उत्तर यायचे होते. दोन धानकापण्या उलटल्या. शेवटी मुलाच्या आईने निरोप धाडला की या हंगामात नाही जमले तर आम्ही दुसरीकडे पाहतो.

रूथ नोंदणी विवाहाची नोटीस लिहून घ्यायला माझ्याकडे आली. बाबांना विचारलेस का, असे मी म्हणताच ती उसळली. "काका, नाव तर त्यांनीच ठेवलं. करारातली रूथ सासूनं सांगतल्याबरोबर खळ्यावर गेली अन् आपलं लग्न आपणच जमवून आली. आभाळातून आवाज येईल म्हणून बसून नाही राहिली."

मी नोटीस लिहिली. तिने घरी जाऊन बाबांना सारे सांगितले. ते वर पाहू लागले.

विवाहाच्या दिवशी गोंदियाच्या कार्यालयात नाव पुकारले गेले, तेव्हा बाबा दारात उभे होते. अंगात रविवारचा पांढरा सदरा, एसटीच्या गर्दीने चुरगळलेला. आले काय उत्तर, असे मी विचारले.

"नाही आलं जी," ते म्हणाले. "पोरगी तर जाऊन राहिली होती न."

आणि साक्षीदाराच्या जागी त्यांनी सही केली. सही करून त्यांनी पेन रूथच्या हातात दिले.

पुढे ते खंगत गेले. मुलीने त्यांना आपल्या घरी नेले. मी भेटायला गेलो तेव्हा नातू खाटेवर लोळत होता आणि जावई सासऱ्याला पेज भरवत होता. जावई आत जाताच हा मनुष्य मला हळूच विचारतो, "शौलावानी घाई तर नाही झाली जी माझी?"

मी चिडून म्हणालो, "बाबा, या लेकराकडे पाहा अन् तुम्हीच सांगा." त्यांनी पाहिले, हसलेही. परंतु त्यांना उत्तर माझ्याकडून नको होते.

त्यानंतर लवकरच ते गेले. आता माझा राग त्यांच्यावर राहिलेला नाही. ज्या माणसाने सबंध आयुष्यात उत्तराची वाट न पाहता एकच सही केली, त्याला ती चालली की नाही, एवढे वरून कळवायला हवे होते. आमच्या कचेरीतून निदान नामंजूर म्हणून तरी कळवतात.