बिनसाखरेचा कप

"पीसीओएस आहे," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी त्यांनी बेल दाबली.

केतकी आणि मी अजून खुर्चीत नीट टेकलोही नव्हतो. सोनोग्राफीच्या कागदावर एक नजर, केतकीच्या हनुवटीवर एक नजर, आणि झालं निदान. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय? ते म्हणाले, "पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. आजकाल सगळ्याच मुलींना असतं. गोळी लिहिलीय. एकदा लग्न झालं की सगळं आपोआप रुळावर येतं."

आर्या आणि निहार, तुमच्या या आतेबहिणीबद्दल तिकडे परदेशात काय काय पोचलं आहे ते मला निहारच्या फोनवरून कळलं. "केतकीताईला डायबिटीस झाला हे खरं का?" असं त्याने विचारलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. केतकीला विचारून लिहिते आहे. आर्या, तुझीही पाळी पुढेमागे होते असं तू मागे म्हणाली होतीस. तेव्हा हे तुझ्यासाठी विशेष.

पॉलिसिस्टिक म्हणजे पुष्कळ गाठींचं, असा शब्दाचा अर्थ. पण त्या खरं तर गाठी नसतात. अंडाशयात दर महिन्याला एक अंडं पिकून सुटायला हवं. ते सुटत नाही, आणि अर्धवट वाढलेल्या अंड्यांचे लहान लहान फुगे तिथेच साचून राहतात. पाळी लांबते. पुरुषी हार्मोन थोडे वाढतात, त्यामुळे हनुवटीवर राठ केस येतात. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. त्या दवाखान्यात कुणी सांगितलं नाही.

तिथे आम्ही जवळजवळ अर्धा दिवस बसलो होतो. भिंतीवर गुबगुबीत बाळांची चित्रं, टीव्हीवर मोठ्या आवाजात मालिका. मध्येच आतली बाई दारातून ओरडली, "पाळीची पेशंट कोण हाय? पाळी न येणारी?" सगळ्या बाकांवरची डोकी वळली, नवऱ्यांची सुद्धा. केतकी उठली. माझी नात मान खाली घालणारी नाही, पण त्या दिवशी तिने घातली. मला त्या बाईची, त्या बाळांच्या चित्रांची, सगळ्याचीच शिसारी आली.

औषधाच्या चिठ्ठीवरचं नाव वाचून मी चमकले. मेटफॉर्मिन. मधुमेहासाठी मी स्वतः बरीच वर्षं घेते तीच गोळी. मी म्हटलं, "डॉक्टर, हिची साखर तुम्ही तपासलेलीच नाही." ते हसले. "घेऊ द्या हो आजी. तुमची नात आहे ना? मग तुमचीच गोळी."

हा विनोद होता.

केतकी तेव्हा साताऱ्याला माझ्याजवळ राहून एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करत होती, अजूनही करते. गोळी सुरू झाली आणि तिच्या पोटाने बंड पुकारलं. पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रा, तीही उपाशीपोटी, कारण कशी घ्यायची ते कुणी सांगितलं नव्हतं. मळमळ. जुलाब. तोंडाला सतत कसली तरी चव. "आजी, गंजलेली किल्ली चोखत असल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. माझ्या हातची आमटी तिने ताटात तशीच ठेवायला सुरुवात केली.

एकदा ती साइटवर कोयनानगरला गेली होती. गाडीत बाकी सगळे पुरुष. घाटात वळणावर गाडी थांबवायला सांगून तिला झाडीत धावावं लागलं. परत आली तेव्हा कुणीतरी गाणं मोठं केलं होतं, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. त्या चांगुलपणानेच तिला जास्त रडू आलं, असं तिने मला सांगितलं. मी दवाखान्यात फोन केला. उत्तर मिळालं, "सवय होईल."

तरी ती गोळी घेत राहिली. पाळी वर्षानुवर्षं अशीच लांबत राहिली तर गर्भाशयाचं अस्तर साचून जाड होतं आणि पुढे धोका वाढतो, हे तिने वाचलं होतं. तिला बरं व्हायचं होतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढच्या प्रकरणात हे सगळेच विसरले, काही काळ तीसुद्धा.

तुमची सुनंदाआत्या, म्हणजे माझी लेक, केतकीची आई, सांगलीला असते हे तुम्हाला माहीतच आहे. एका रविवारी केतकी तिच्याकडे गेली होती आणि गोळ्या साताऱ्यालाच राहिल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये तिने चिठ्ठी दाखवली. दुकानदार ओळखीचा.

"घरात कुणाला साखर हाय?"

"माझ्याच आहेत गोळ्या."

"तुझ्या? अगं, एवढ्याशा वयात साखर? लय वाईट झालं की गं पोरी."

शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला शालनवहिनी उभ्या होत्या. या सुनंदाच्या सासरच्या नात्यातल्या. लग्नं जमवणं हा त्यांचा छंद, आणि केतकीसाठी एक स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलगा पुण्यात इंजिनिअर, घर सांगलीत, मागे ऊस आणि द्राक्षबाग. मुलगा आणि केतकी दोनदा भेटली होती. तिला तो आवडला होता. पत्रिका जुळली होती. आता मुलाचं घर बघायला आम्ही जायचं, एवढंच बाकी होतं.

आम्ही गेलो. सुनंदा, जावई, केतकी, मी आणि मध्यस्थ म्हणून शालनवहिनी. ऐसपैस बंगला, स्वागत चांगलं. पोहे झाले. मग मुलाच्या आई चहाचा ट्रे घेऊन आल्या. पांढरे कप, सोनेरी काठ, आणि एका बाजूला निराळा, निळा कप. तो त्यांनी उचलून केतकीसमोर ठेवला.

"हा तुझा गं बाळा. बिनसाखरेचा. मी मुद्दाम वेगळा केलाय."

तुम्ही तिकडे वाढलात, तुम्हाला त्यात काय एवढं असं वाटेल. आपला हा सगळा मुलूख उसाचा. इथे चहा म्हणजे पाक. पाहुण्याला फिका चहा दिला तर त्याची चर्चा गावभर होते. आणि मुलगी दाखवायच्या, घर बघायच्या बैठकीत, सगळ्यांदेखत, न विचारता ठेवलेला तो निळा कप म्हणजे निकाल होता. तो मायेच्या आवाजात सांगितला, एवढंच.

मुलगा फोनमध्ये बघत होता. मुलाच्या वडिलांनी आपल्या कपातला गोड चहा बशीत ओतला आणि ते म्हणाले, "आमाला बी हाय की साखर. पण आपली गोळी चालू हाय, मग भ्यायचं कशाला?" आणि वर एक पेढा घेतला. माझ्या हातातही पाकासारखा चहा आला होता. मी बिनसाखरेचा घेते असं सांगितलं, तर मुलाच्या आई म्हणाल्या, "एका दिवसानं काय हुतंय, आजी? घ्या की."

त्या खोलीत दोन मधुमेही होते. दोघांना गोड चहा मिळाला होता. ज्या मुलीची साखर कुणी तपासलीसुद्धा नव्हती, तिला फिका.

केतकीने निळा कप उचलला आणि माझ्यासमोर ठेवला. माझा कप स्वतःकडे घेतला. "आजी, हा तुझा. काकूंची जरा गफलत झाली." आणि तो गोड चहा तिने शांतपणे शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. फिका चहा मला इतका कडू कधीच लागला नव्हता.

थोड्याच दिवसांत शालनवहिनींचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. जुळलेली पत्रिका.

त्याच दिवशी केतकीने गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकली. "ज्या रोगाची गोळी घेते तो रोग मला न होताच चिकटला," ती म्हणाली. "आता गोळी नको, डॉक्टर नको. पाळी आली तर आली." मी समजावलं, सुनंदाने समजावलं. ती ऐकेना. महिन्यामागून महिने गेले, पाळी आलीच नाही. मला तिच्या लग्नाची काळजी कधीच नव्हती. मला भीती वाटत होती ती याची, की चार माणसांच्या थोतांडापायी ही पोर स्वतःचं शरीर वाऱ्यावर सोडून देईल.

शेवटी मी तिला एकच विनंती केली: आपण एका डॉक्टरला फक्त प्रश्न विचारू. गोळी घ्यायची की नाही ते तू ठरव.

ती कबूल झाली. आम्ही गेलो त्या सांगलीच्या डॉक्टरीणबाई एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सच्या तज्ज्ञ. त्यांच्याकडे नंबराने बोलावतात, रोगाच्या नावाने नाही. त्यांनी आधी केतकीला ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "साखरेच्या चाचण्या कुठे आहेत?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

मग चाचण्या झाल्या. उपाशीपोटी रक्त. ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट, म्हणजे ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि दोन तास बसवून पुन्हा रक्त घ्यायचं. त्या दोन तासांत केतकी बाकावर बसून कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा नकाशा काढत होती. मी उगीचच पर्स आवरत होते. थायरॉइड तपासला, बाकीची हार्मोन्सही तपासली.

रिपोर्ट पाहून बाई म्हणाल्या, "मधुमेह नाही. इन्सुलिन रेझिस्टन्सही दिसत नाही."

इन्सुलिन रेझिस्टन्स मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते. इन्सुलिन शरीराला हाक मारतं, की ही साखर आत घ्या. रेझिस्टन्स म्हणजे शरीर ओ देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करतं, अजून मोठ्याने हाका मारतं, आणि त्या आरडाओरड्याने अंडाशय बिथरतात. पीसीओएस असलेल्या पुष्कळ बायकांमध्ये हे घडतं, म्हणून ही गोळी देतात. केतकीचं शरीर मात्र पहिल्या हाकेलाच ओ देत होतं.

"मग मला मधुमेहाची गोळी का?" केतकीने विचारलं. आवाज जरा चढलाच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "गोळीला जात नसते. ती मधुमेहासाठी प्रसिद्ध आहे, इतकंच. रेझिस्टन्स दिसत नसतानाही काही मुलींची पाळी तिने सुधारते. काहींची नाही सुधारत. शिवाय या चाचण्यांना सगळंच दिसतं असंही नाही. तुला उपयोग होईल का? मला माहीत नाही. हार्मोनच्या गोळ्या हा दुसरा रस्ता, आणि तुझ्यासारखीला तो जास्त रुळलेला. ही घ्यायची तर पोटात हळू सुटणारी, लहान मात्रेपासून, जेवणाबरोबर. काही महिन्यांनी उपयोग नसेल तर बंद. आधी मात्र तुंबलेली पाळी आणायला थोड्या दिवसांचं औषध देते, ते टाळू नकोस."

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. निरोगी माणसाची साखर ही गोळी एकटी सहसा धोकादायक खाली नेत नाही. आणि ती फार काळ घ्यायची तर बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्वावर लक्ष ठेवायचं. मला इतकी वर्षं हे कुणी सांगितलं नव्हतं. माझं तपासलं तर कमी निघालं.

"मला माहीत नाही" म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. त्या बाईंची मी कायमची ऋणी आहे.

केतकीने तिथे काहीच ठरवलं नाही, गोळ्या मात्र विकत घेऊन ठेवल्या. घरी आल्यावर सुनंदा आणि मी मात्र रिपोर्टवर तुटून पडलो. त्याचा फोटो काढला. शालनवहिनींना पाठवायला मी चांगला सणसणीत मजकूर जुळवला. पोरीवरचा डाग पुसायचा होता.

केतकी मागे उभी राहून वाचत होती. "आजी," ती म्हणाली, "आणि साखर निघाली असती तर?"

मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तुला आहे ना साखर? मग तू काय डागाळलेली आहेस?"

मी मजकूर पुसला. फोटोही पुसला. आणि रात्रीच्या जेवणाला तिने स्वतःहून हळू सुटणारी गोळी काढली. "ही माझ्यासाठी घेते," म्हणाली. "त्यांच्यासाठी सोडली होती, तो मूर्खपणा होता."

आता तिचं पोट ठीक आहे, ती चवही गेली. औषधाने आणलेल्या त्या पाळीनंतर पुढची स्वतःहून आली, मग लांबली, मग पुन्हा आली. ही गोळीची कृपा की आणखी कशाची, ते बाई अजून सांगत नाहीत. हनुवटीवरचे केस आहेत तसेच आहेत. आर्या, तुला असं काही लक्षण असेल तर तपासून घे आणि गोळी कशासाठी ते विचारल्याशिवाय घेऊ नकोस. पण नाव ऐकून घाबरून सोडूही नकोस.

गेल्या आठवड्यात शालनवहिनी साताऱ्याला आल्या. सुनंदाने त्यांच्याजवळ फोनवर बोलून टाकलं होतं.

"आवं काकू, रिपोर्ट नॉर्मल हायत म्हणं! तेवढे द्या की माझ्याकडं. त्या लोकास्नी दाखवते. पत्रिका काय, परत बघता येती."

"मुलाच्या वडिलांचा रिपोर्ट आणलात का?" मी विचारलं.

"त्यांचा कशाला? त्यास्नी तर साखर हायच."

"मग मुलालाही होईल ना ती पुढे."

वहिनी हसल्या. मी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं. इतक्यात केतकी चहा घेऊन आली. सगळे कप एकसारखे, आणि ट्रेमध्ये साखरेचं भांडं वेगळं. आता आमच्याकडे असाच चहा येतो.

"काकू, तुम्हाला साखर किती?" तिने चमचा धरून विचारलं.

वहिनींनी त्या भांड्याकडे अपमान झाल्यासारखं पाहिलं. "हे आणि काय गं? आमच्यात असं इचारत न्हाईत बाई."

"आमच्यात विचारतात," केतकी म्हणाली, आणि चमचा धरून उत्तराची वाट बघत उभी राहिली.