तुआसच्या यार्डातली फुली

विमानतळावरून क्लेमेंटीला लेकीच्या घरी जाताना रस्त्याच्या कडेला एक कागद दिसला नाही. मला त्याचं विशेष वाटलं नाही. दंड बसत असला की आपणही टाकणार नाही. झाडं मात्र इतकी हिरवी, की टॅक्सीतून उतरल्यावर एका पानाला नख लावून पाहिलं. खरं होतं.

माझी मुलगी सुनीता तिथल्या बांधकाम कंपनीत खरेदी बघते. आखातातल्या एका वाळवंटी शहरात त्यांना गोदाम उभारायचं होतं. लोखंडी इमारत कारखान्यात सुट्या भागांत बनवायची, जहाजानं पाठवायची, तिथं नुसते बोल्ट आवळायचे. मागच्या वेळी सुनीतानं निवडलेल्या पुरवठादाराची भोकं जुळली नाहीत आणि माणसं वीस दिवस उन्हात बसून राहिली. पुन्हा असं झालं तर नोकरी नाही, असं साहेबानं सांगितलं होतं. नोकरी गेली की पास (तिथं राहून काम करायचा परवाना) जातो. नवा पुरवठादार शुक्रवारपर्यंत ठरवायचा होता. मी मंगळवारी पोचले.

माझं शिक्षण चौथी. पण कुपवाडला आमचा फॅब्रिकेशनचा धंदा होता आणि तीस वर्षं मी ड्रिल मशीनवर भोकं मारली. म्हणून म्हटलं, पुरवठादार बघायला मीही येते.

बुधवारी बुओना व्हिस्टाला एका पुरवठादाराकडे गेलो. काचेचं ऑफिस, एसी इतका की मी शालीत. टाय लावलेल्या एका पोरानं पडद्यावर इमारत गरागरा फिरवून दाखवली.

"सुनी, विचार त्याला, पाठवायच्या आधी एकदा उभी करून बघता का?"

तो हसला. कम्प्युटरवर सगळं जुळतं, म्हणाला.

"मागच्यानंही कम्प्युटरवरच जुळवलं होतं," मी म्हटलं. सुनीतानं एवढं काही त्याला सांगितलं नाही.

दुपारी हॉकर सेंटरला (खाण्याच्या गाळ्यांचा मोठा मांडव) जेवायला गेलो. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पुडकं होतं. मी एक काढून घाम पुसला आणि बसले. एक माणूस ताट घेऊन आला.

"आंटी, माय टेबल लाह." वाक्याच्या शेवटी लाह लावायची तिथली सवय.

सुनीता सॉरी सॉरी करत उठली. तिथं पुडकं ठेवून जागा धरतात, त्याला चोप म्हणतात. आजूबाजूला पाहिलं तर निम्म्या टेबलांवर पुडकी होती आणि कुणी हात लावत नव्हतं. तो माणूस भला निघाला. सरकून म्हणाला, "सिट, सिट. टिश्यू ऑल्सो यूज ऑलरेडी." मग आम्ही तिथंच प्राटा (पापुद्र्यांचा मैद्याचा पराठा) खाल्ला. आमटी बरी, प्राटा तेलकट.

"आई, मी काचवाल्यालाच काम देते. सहा आठवड्यांत देतोय."

"आणि भोकं?"

"तू चार दिवस आलीयस. मला इथं राहायचंय."

तिचं खोटं नव्हतं.

गुरुवारी एमआरटीनं (तिथली शहरातली रेल्वे) पार पश्चिमेच्या टोकाला, तुआसला, दुसऱ्या पुरवठादाराकडे. तिथल्या यार्डाचा मालक माझ्याच वयाचा, चिनी, बनियनवर. आवारात दुसऱ्या गिऱ्हाइकाची अर्धी इमारत उभी होती. प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगात आकडे. इथं आधी उभी करायची, आकडे घालायचे, सोडायची, मग पाठवायची. त्याला आठ दिवस जास्त लागतात. आमचे हे असंच करायचे.

मी खोक्यातला बोल्ट उचलला आणि हात पोचेल तिथली भोकं बघत गेले. दोनांत गेला. तिसऱ्यात अडला.

"बघ!" सुनीता म्हणाली. "याचंही चुकलंच."

"विचार, गॅसनं जाळून भोक वाढवणार का?"

म्हाताऱ्यानं माझ्या हातातला बोल्ट घेऊन स्वतः घालून पाहिला. रागावला नाही. "नो गॅस. गॅस नो गुड. प्लेट चेंज." म्हणजे ती पट्टीच बदलणार. खिशातून खडू काढून त्यानं खांबावर मोठी फुली मारली आणि कामगाराला हाक दिली.

"चूक निघाली आई, तरी तू खूश?"

"त्या काचेच्या ऑफिसात बोल्ट घालून बघायला होतं काय?"

परतीच्या गाडीत तिनं साहेबाला आठ दिवस मागणारी मेल लिहिली. तीनदा खोडली. बुओना व्हिस्टा गेलं तरी लिहीत होती, क्लेमेंटी मागंच राहिलं होतं. चौथ्यांदा पाठवली. साहेब चिडला, पण आठ दिवस दिले.

मी कुपवाडला आले. आमची शेड आता भाड्यानं दिलीय, तिथं बिस्किटांची खोकी असतात. काही महिन्यांनी सुनीतानं फोनवर फोटो पाठवला. मागं नुसती वाळू, पुढं गोदाम, छपरासकट उभं. पास वाढला, असं खाली लिहिलं होतं.

फोटो मोठा करून पाहिला. एका खांबाच्या पट्टीचा रंग बाकीच्यांपेक्षा नवा होता. शेजारी पुसट फुली. म्हणजे त्या म्हाताऱ्यानं आमच्या गोदामातही एक भोक पकडलं होतं, आणि आम्ही तिथं नव्हतो.